जुन्या टीव्हीची दुखणी: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे आहेत, एक जुन्या एलसीडीचा. जवळपास प्रत्येकाने शेवटी विचारलंय, 'कोणता पार्ट बदलू?' कळकळीने सांगतो, या प्रश्नापासून सुरुवात करू नका. पडदा, आवाज, लाल दिवा, फ्यूज, सगळे काही ना काही सांगत असतात. ते आधी टिपून घ्या. पार्ट बदलायची वेळ शेवटी येते.

आणि झाकण उघडण्याआधी हे वाचाच. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी आत दोन ठिकाणी वीज साठलेली राहते. पहिलं ठिकाण मेन फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे पॉवर सप्लायमधला सगळ्यात मोठा, डबीसारखा कॅपॅसिटर. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात, आणि बंद पडलेल्या टीव्हीत तो चार्ज जास्त वेळ टिकतो, कारण तो ओढून घेणारं सर्किटच चालत नसतं. 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून कॅपॅसिटरच्या दोन पायांवर पाच-सहा सेकंद टेकवा आणि मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा. दुसरं ठिकाण म्हणजे ट्यूबवरची रबरी टोपी, तिच्याखालचा अ‍ॅनोड. रंगीत ट्यूबमध्ये तिथे 20 ते 30 हजार व्होल्ट असतात. लांब इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधा, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या विणलेल्या अर्थ वायरला चिमट्याने लावा, मग टोक हळूच टोपीखाली सरकवा. 'चट' असा आवाज येईल. पाच मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला थोडा चार्ज परत वर येतो. हे करायला मन धजत नसेल तर झाकण उघडू नका.

प्रश्न: 21 इंची रंगीत टीव्ही आहे. फ्यूज बदलून चालू केला की लगेच उडतो. जास्त अँपिअरचा बसवला तर टिकेल का?

फ्यूज टिकेल, पण त्याच्याऐवजी बोर्डाची पट्टी जळेल. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा वायरचा तुकडा मुळीच लावू नका.

उडालेला फ्यूज फेकला नसेल तर उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर पुढे सरळ शॉर्ट आहे, तार क्षणात वाफ होऊन काचेवर बसली आहे. काच स्वच्छ आणि तार फक्त मधेच तुटलेली असेल तर फ्यूज थकलेला असू शकतो. तुमचा दर वेळी लगेच उडतो म्हणजे पहिला प्रकार दिसतो.

आता प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामा करून, क्रमाने बघू. ट्यूबभोवती काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली जाड कॉइल असते, ती डिगॉसिंग कॉइल, पडद्यातलं चुंबकत्व घालवणारी. तिचा कनेक्टर बोर्डावरून काढा आणि कॉइलच्या वाटेत असलेला पॉझिस्टरही (गरम झाला की कॉइलचा करंट रोखणारा पार्ट) काढून ठेवा. दोन-तीन पायांची ही छोटी चौकोनी डबी हलवल्यावर आत खुळखुळत असेल तर ती फुटली आहे, आणि पुष्कळदा फ्यूज उडवणारा दोष एवढाच असतो. ती नसतानाही टीव्ही चालतो, फक्त कधीतरी पडद्यावर रंगांचे डाग दिसतील.

ते ठीक असेल तर मीटर डायोडवर ठेवून ब्रिजचे, म्हणजे एसीचं डीसी करणारे, चारही डायोड तपासा. चांगला डायोड एका बाजूने 0.5 ते 0.6 दाखवतो, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडे शून्याजवळ आला तर तो शॉर्ट. त्यापुढे पॉवर सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार). इथे एक कळीची गोष्ट: मॉसफेट शॉर्ट सापडला म्हणून फक्त तेवढाच बदलून टीव्ही चालू करू नका. त्याच्या 'सोर्स' नावाच्या पायाला असलेला एक ओहमपेक्षाही कमी किमतीचा रेझिस्टर आणि आजूबाजूचे छोटे डायोड-रेझिस्टरही तपासा. ते राहून गेले तर नवा मॉसफेट एका सेकंदात जातो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावाच. 100 वॅटचा साधा तारेचा बल्ब टीव्हीच्या एका वायरीत सिरीजमध्ये जोडायचा. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर शॉर्ट गेला. भगभगीत लागून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण या वेळी काही जळलं नाही. मात्र बल्बमुळे करंट रोखला जातो, शॉक रोखला जात नाही. अंगाला लागलं तर तितकंच धोक्याचं.

एक फरक लक्षात ठेवा. लाइन ट्रान्झिस्टर, म्हणजे मोठ्या हीटसिंकवरचा (उष्णता घालवणारी धातूची पट्टी), एलओटीजवळचा (अ‍ॅनोडचा व्होल्टेज बनवणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर), शॉर्ट झाला की फ्यूज सहसा उडत नाही. पॉवर सप्लाय 'टिक टिक' करत राहतो किंवा गप्प बसतो. तो तपासताना कलेक्टर आणि एमिटर या पायांवर बघा, दोन्हीकडून शून्य आलं तरच शॉर्ट. बेस-एमिटरमध्ये 30 ते 50 ओहम दिसले म्हणून घाबरू नका, अशा पुष्कळ ट्रान्झिस्टरांत आतच रेझिस्टर बसवलेला असतो. लाइन ट्रान्झिस्टर काढून बी-प्लस (त्याला मिळणारा मुख्य डीसी सप्लाय) आणि ग्राउंड यांच्यामध्ये 60 वॅटचा बल्ब लावला तर पॉवर सप्लाय एकट्याने तपासता येतो. 21 इंचीत साधारण 110 ते 115 व्होल्ट हवेत, नेमका आकडा बऱ्याचदा बोर्डावर छापलेला असतो.

प्रश्न: आवाज उत्तम येतो, पण चित्राच्या जागी मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसते. ट्यूब गेली का?

नाही, ट्यूब अगदी ठीक आहे. मात्र ताबडतोब ब्राइटनेस अगदी कमी करा. इलेक्ट्रॉनांचा सगळा बीम एकाच रेघेवर पडतोय, आणि तिथला फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) जळला तर तो डाग कायमचा राहतो.

बीम आडवा फिरतोय, वर-खाली फिरत नाही. म्हणजे दोष व्हर्टिकल आयसी (बीम वर-खाली फिरवणारी चिप), त्याचा सप्लाय आणि योकला (ट्यूबच्या मानेवरची, बीम वळवणारी कॉइल) जाणारा कनेक्टर एवढ्या भागात आहे. मी पूर्वी अशाच एका टीव्हीचा व्हर्टिकल आयसी बदलला, चार दिवसांनी रेघ परत आली, म्हणून पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा बोर्ड उलटा करून टॉर्च तिरपी धरली तेव्हा योकच्या सॉकेटच्या एका पिनेभोवती केसाएवढी काळी गोल चीर दिसली. ड्राय सोल्डर. पिन गरम-थंड होत राहते आणि कथिल तिच्यापासून सुटतं. वरून सोल्डरचा डाग चकचकीत दिसतो, चीर दिसते ती फक्त तिरप्या उजेडात. तेव्हापासून आधी टॉर्च, मग मीटर, असा माझा क्रम आहे. तुम्हीही आयसीचे सगळे पाय आणि योक सॉकेटच्या पिना नवीन कथिल घालून पुन्हा डाग द्या. जुनं कथिल आधी ओढून घेतलं तर उत्तम.

तरी रेघ राहिली तर आयसीचा सप्लाय मोजा, बहुतेक टीव्हींच्या बोर्डावर तो 24 व्होल्टच्या आसपास असतो. नसेल तर वाटेतला फ्यूजिबल रेझिस्टर (जास्त करंट आला की फ्यूजसारखा तुटणारा) उघडा झालाय, आणि बहुधा आयसी शॉर्ट झाल्यामुळेच. मग दोन्ही एकदम बदला. चित्र येतंय पण वरच्या बाजूला दुमडलंय आणि तिथे पाच-सहा पांढऱ्या रेघा आहेत, असं असेल तर आयसीला हात लावू नका. शेजारचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, बऱ्याचदा 100 मायक्रोफॅरडचा, वाळलेला असतो.

प्रश्न: सकाळी लावला की अर्धा तास चित्र धूसर असतं, मग आपोआप स्पष्ट होतं. दमट हवेत जास्त त्रास.

तुम्ही 'दमट हवेत' हे लिहिलंत म्हणून उत्तर सोपं झालं. ट्यूबच्या मानेवर जे सॉकेट बसतं त्यात फोकसची पिन असते, तिथे काही हजार व्होल्ट येतात. सॉकेट ओल धरतं, आत गंज येतो आणि फोकसचा व्होल्टेज गळतो. गरम झालं की ओल उडते आणि चित्र सुधारतं. सॉकेट बदला, पिनांची मांडणी मात्र जुन्याशी जुळवून घ्या.

एलओटीवर दोन नॉब असतात, वरचा सहसा फोकस, खालचा स्क्रीन (चित्राचा एकूण उजेड ठरवणारा). फिरवण्याआधी दोन्हींवर मार्करने खूण करा. पुष्कळ जण फोकस समजून स्क्रीन फिरवतात आणि चित्र दुधाळ होतं. सॉकेट नवीन असूनही चित्र फिकं, मातकट आणि उशिरा येत असेल तर ट्यूबचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, थकलाय. स्क्रीन वाढवून तो बरा होत नाही.

प्रश्न: पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग आलाय.

जवळ ठेवलेला स्पीकर किंवा चुंबक हलवा. मग मेन स्विचने टीव्ही बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा. पॉझिस्टर थंड असेल तरच डिगॉसिंग होतं, रिमोटने बंद-चालू करून बऱ्याच सेटमध्ये ते होत नाही. दोन-तीनदा करूनही डाग राहिला तर कॉइलचा कनेक्टर बघा, मागच्या दुरुस्तीत तो लावायचा राहून जातो.

प्रश्न: चालू करताच पडदा पूर्ण लाल होतो, त्यावर तिरक्या बारीक रेघा. ट्यूब शॉर्ट आहे असं सांगितलंय.

असेलही, पण हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात. मानेवरच्या छोट्या बोर्डवर तीन रंगांचे तीन आउटपुट ट्रान्झिस्टर असतात, त्यांना साधारण 180 ते 200 व्होल्टचा सप्लाय असतो. तिन्ही कॅथोडवरचे व्होल्टेज मोजा. दोन सारखे आणि लालचा फारच खाली असेल तर टीव्ही बंद करा, चार्ज काढा, बोर्ड मानेवरून काढा. मग तो ट्यूबपासून दूर, कशालाही न टेकता लटकेल असा ठेवून पुन्हा मोजा. लालचा व्होल्टेज वर आला तर दोष ट्यूबच्या आत. खालीच राहिला तर ट्रान्झिस्टर शॉर्ट, आणि तो सहज मिळतो.

हा बोर्ड काढताना सरळ मागे ओढा, डावी-उजवी हलवाहलव नको. मानेची काच बारीक असते. एका शिकाऊ मुलाच्या हातून ती तडकलेली मी पाहिली आहे. फक्त 'स्स्स' असा हवेचा आवाज आला आणि चांगली ट्यूब संपली.

प्रश्न: जुना एलसीडी. लाल दिवा मिचमिचतो, आठ-दहा वेळा प्रयत्न केल्यावर सुरू होतो.

पॉवर बोर्डवरचे कॅपॅसिटर डोळ्यांनी बघा. चांगल्याचं डोकं सपाट असतं, गेलेल्याचं घुमटासारखं फुगतं, कधी तपकिरी द्रव बाहेर येतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, 105 अंश तापमान सोसणारे आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचे घ्या. अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह, ती बोर्डवरच्या खुणेशी जुळवा. सगळे सपाट दिसत असूनही दिवा मिचमिचत असेल तर स्टँडबायचे (टीव्ही रिमोटने बंद असतानाही चालू राहणारे) 5 व्होल्ट मोजा, 4.5 किंवा खाली असतील तर तिथलाच कॅपॅसिटर आतून वाळलाय.

पुढे कधी आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर खोलीत अंधार करून टॉर्च पडद्याला तिरपी लावा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे आणि फक्त मागचा उजेड गेलाय. दोन सेकंद चित्र येऊन काळं होत असेल तर पहिला संशय पडद्यामागे उजेड देणाऱ्या एखाद्या नळीवर घ्या. इन्व्हर्टर (नळ्यांना वीज देणारा बोर्ड) तो दोष ओळखून स्वतः बंद होतो.

प्रश्न: मागून 'चट चट' आवाज येतो, अंधारात निळी ठिणगी दिसते. टेप गुंडाळून थांबेल का?

थांबणार नाही. प्लग आत्ताच काढा. एलओटीच्या अंगाला चीर गेली आहे किंवा अ‍ॅनोडच्या टोपीखाली धूळ आणि ओल साठली आहे. चार्ज काढून टोपी उचला, काच आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. ठिणगी टोपीपाशीच असेल तर एवढ्याने थांबते. एलओटीच्या अंगातून निघत असेल तर तो बदलावाच लागतो, त्याच नंबरचा. हे काम पहिल्यांदाच हाती घेत असाल तर अनुभवी मेकॅनिककडे द्या, आणि देताना ठिणगी नेमकी कुठे दिसली, किती वेळाने दिसली आणि तेव्हा चित्र आकसत होतं का, एवढं कागदावर लिहून सोबत द्या.