जाता जाता लिहिलेलं वाक्य

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान झालं आणि डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. गोळ्या आणल्यात, पण कपाटातच आहेत. सासूबाई म्हणतात, या औषधाने पोरांचं हृदय बंद पडतं. सुरू करू का? जाता जाता सांगते, माझे धाकटे दीर ३१व्या वर्षी कबड्डी खेळताना मैदानावरच कोसळले आणि गेले. सासूबाईंनी तेव्हापासून धास्ती घेतली आहे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, ते तुमच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का? नसेल तर उद्याच सांगा. तोवर गोळ्या कपाटातच राहू द्या. दोन-चार आठवडे उशीर झाल्याने मुलाचं काही बिघडणार नाही.

तरुण माणूस खेळता खेळता गेला की घरात ‘अटॅक आला’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. पण त्या वयात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असू शकतो, किंवा ठोक्यांच्या विद्युतलयीतला लाँग क्यूटीसारखा दोष. दोन्ही रक्ताच्या नात्यात उतरतात. म्हणून मुलाला बालहृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. तुमच्या यजमानांनीही स्वतःचं हृदय तपासून घ्यायला हवं, मुलाला गोळी द्यायची असो वा नसो. दिरांचा शवविच्छेदनाचा अहवाल घरात असेल तर सोबत ठेवा.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. ‘धावली की घेरी येऊन पडते, नीट जेवत नाही ना,’ असं तिची आई म्हणाली. ईसीजीत लाँग क्यूटी निघाला. औषधाचा कणही तोवर तिच्या पोटात गेला नव्हता. खेळताना घेरी येते का, छातीत दुखतं का, घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, हे विचारल्याशिवाय मी तेव्हापासून ही गोळी लिहीत नाही.

सासूबाईंची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. अचानक मृत्यूंच्या नोंदींमुळे २००५मध्ये कॅनडाने याच वर्गातल्या अ‍ॅडेरॉल एक्सआर या औषधाची विक्री काही महिने थांबवली होती. पुढे अमेरिकेत १२ लाख मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११मध्ये निष्कर्ष आला : हृदयाच्या गंभीर घटना एकूण ८१, आणि औषध घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. या गोळीने नाडी सरासरी ३ ते ६ ठोक्यांनी आणि रक्तदाब २ ते ४ अंकांनी वाढतो. काही मुलांत जास्त वाढतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर दोन्ही मोजायचं. रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा लहान मुलांचाच हवा; मोठ्यांचा लावला तर रक्तदाब खोटाच कमी दिसतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषधही नाडी वाढवतं, त्यामुळे ‘ते द्या, ते सौम्य आहे’ असं कुणी सांगितलं तरी तपासणी टाळू नका.

रिपोर्ट स्वच्छ आले आणि हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर गोळी निर्धास्त सुरू करा. काही निघालं तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

आणि तपासणीला सासूबाईंना आवर्जून सोबत न्या. दिरांना लहानपणी कधी घेरी आली होती का, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार?