गाठ जिरली, मग ‘लाईट’ कशाला?

हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर. त्याच्या पहिल्या-दुसऱ्या स्टेजबद्दल पुन्हा तेच प्रश्न आलेत, म्हणून एकत्र घेतो.

प्रश्न : केमोच्या दोन सायकलमध्येच मुलाच्या मानेची गाठ गेली. आता डॉक्टर लाईट, म्हणजे रेडिएशन घ्या म्हणतात. नातेवाईक नको म्हणतात.

गाठ हाताला लागत नाही, म्हणजे आजार संपला असं नाही. दोनच सायकलवर भागलं, ते पुढे रेडिएशन आहे हे धरूनच! एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या दोन सायकल म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा सलाईन. जर्मनीतल्या एचडी 10 चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. कमी जोखमीच्या रुग्णांना दोन सायकल आणि 20 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) रेडिएशन पुरतं, चार सायकल आणि 30 ग्रेची गरज नाही, हे त्यातून कळलं. पुढे एचडी 16 चाचणीत पेट स्कॅन (शरीरात आजार कुठे जागा आहे ते दाखवणारी तपासणी) स्वच्छ आलेल्या काहींचं रेडिएशन वगळून पाहिलं. पाच वर्षांनी आजार न उलटलेले शंभरात सुमारे 86 होते. रेडिएशन घेतलेल्यांत 93.

काही रुग्णांत रेडिएशन टाळता येतं, पण ते पेट आणि केमोचा आराखडा बघून डॉक्टर ठरवतात. लग्नघरात बसून ठरवायची ही गोष्ट नाही. विशीतल्या एका मुलाचा मास्क, रेडिएशनच्या वेळी मान हलू नये म्हणून घालतात तो, आम्ही बनवून ठेवला होता, वर त्याच्या नावाची पट्टी. नऊ महिने तो कपाटात पडून राहिला. मुलगा परत आला तेव्हा शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. मग जोरकस केमो आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांट. दहा दिवसांची लाईट चुकवून हे पदरात आलं. याच आठवड्यात रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : लाईट घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालेल?

खुशाल घ्या. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत.

प्रश्न : मुलगी 22 वर्षांची, गाठ छातीत. हृदयाची भीती वाटते.

भीती रास्त आहे. स्तनांचाही विचार करावा लागतो. केमोतलं अॅड्रियामायसिनही हृदयावर परिणाम करतं, म्हणून आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. श्वास रोखून रेडिएशन देता येईल का, तिच्या बाबतीत ते टाळता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना समोरासमोर विचारा. पुढे मूल हवं असेल तर तो विषय पहिल्या सलाईनच्या आधी काढा.

प्रश्न : केमोनंतर ‘डिटॉक्स किट’ घ्यावं का?

नाही. भीतीवर चाललेला धंदा आहे तो. अशा काढ्या-पावडरींनी लिव्हर बिघडून केमो लांबू शकते. आधीच घेतलं असेल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : सुईच्या तपासणीवरून भावाला टीबीची औषधं सुरू केली. दीड महिना झाला, गाठ वाढतेच आहे.

लिम्फोमाच्या निदानाला सुई पुरत नाही. शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी लागते. औषधं मनाने बंद करू नका, पण सर्जनची वेळ उद्याचीच घ्या.