लेक टेक्सोमावर स्ट्राइप्ड बास धरायचाय. नवशिक्याने १२० ल्यूरचा संच घ्यावा का, आणि कोणते रंग आधी वापरावेत?

संच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की डॅलसला येऊन चार महिने झाले, टेक्सोमा तलावावर स्ट्रायपरच्या, म्हणजे स्ट्राइप्ड बासच्या, मागे जायचंय, आणि तीस डॉलरला १२० ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा मिळतोय. असाच एक डबा आमच्या घरात येऊन गेलाय. म्हणून लिहायला बसले.

त्या डब्यातलं निम्म्याहून जास्त सामान लार्जमाउथ बास या वेगळ्या माशासाठी असतं. रबरी गांडुळं, बेडूक, छोट्या फिरक्या. लार्जमाउथ ओंडक्याखाली, गवतात दबा धरून बसतो, त्याच्या पुढ्यात असलं काही नाचवलं की तो येतो. स्ट्रायपर असा बसत नाही. तो मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा मासा. १९४१ साली साउथ कॅरोलायनात सँटी नदी अडवली तेव्हा काही मासे धरणाच्या आत राहिले, आणि ते गोड्या पाण्यात नुसते जगले नाहीत, त्यांची वीणही तिथे वाढली. ते कळल्यावर मग ठिकठिकाणच्या धरणांत स्ट्रायपर सोडायला लागले. टेक्सोमाचं डेनिसन धरण १९४४ चं, त्यात हे मासे साठच्या दशकात सोडले. बहुतेक तलावांत दर वर्षी पिल्लं आणून सोडावी लागतात, इथे लागत नाहीत. याची अंडी वाहत्या पाण्यात साधारण दोन दिवस तरंगत राहावी लागतात, आणि रेड व वॉशिटा या दोन्ही नद्या वरच्या अंगाला तेवढ्या मोकळ्या वाहतात. तेव्हा हा उघड्या पाण्यातला, कळपाने शॅडच्या, म्हणजे छोट्या चंदेरी माशांच्या, मागे धावणारा मासा आहे. काठावरच्या झुडपात त्याला शोधून उपयोग नाही.

आता डब्याची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एका मित्राच्या बोटीवर होतो: तो मित्र, माझा नवरा, माझे मोठे दीर आणि मी. दिरांना आम्ही दादाच म्हणतो. दादांनी खास त्या दिवसासाठी डबा मागवला होता आणि तो मांडीवर घेऊन बसले होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. खाऊचे डबे माझ्याकडे आणि मासेमारी त्यांच्याकडे, अशी वाटणी घरून निघतानाच झाली होती. वास्तविक मी देवगडची. खाडीवर बाबांबरोबर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मी सातव्या वर्षापासून जायची. रॉड नाही, रील नाही, हातात दोरी, टोकाला शिसं आणि जिवंत कोळंबी. तांबोशी लागली की दोरीने बोट कापायचं.

उत्तरेचा बोचरा वारा होता. नऊच्या सुमारास लांब सीगल गोळा होऊन पाण्यावर पडायला लागले. जवळ गेलो तर पाणी अक्षरशः उकळत होतं, शॅड जीव घेऊन हवेत उडत होते. तिघांनी वर तरंगणारे ल्यूर फेकले. मासे लागलेही, पण बारा-तेरा इंची. पाच मिनिटांत पाणी शांत, पक्षी पुढे. बोट पुढे नेली, पुन्हा तेच. दर वेळी पाणी शांत झालं की दादा डबा उघडायचे. निळा काढला, मग पोपटी, मग पोटाखाली केशरी असलेला. बोटं गारठलेली, गाठ बसेना, आणि गाठ बसेपर्यंत कळप गेलेला. एकदा बऱ्यापैकी मासा लागला, पण त्या ल्यूरचा तिहेरी गळ सरळ होऊन हातात आला. स्वस्त डब्यातल्या गळांची तार ही अशी.

मित्राचा एक जादा रॉड कोपऱ्यात पडला होता. त्याला स्लॅब बांधलेला, म्हणजे शिशाचा चपटा, माशाच्या आकाराचा तुकडा, एक औंसाचा, पांढरा रंगवलेला. मी तो उचलला आणि सगळे पुढच्या पक्ष्यांकडे बघत होते तेव्हा शांत झालेल्या पाण्यातच बोटीखाली सोडला. दोरी तर्जनीवर घेतली आणि सवयीने मोजायला लागले. बाबा खाडीत असंच मोजायला लावायचे. दहा, अकरा, बारा. चौदाला दोरी एकदम सैल पडली. शिसं तळाला टेकलं नव्हतं, तळ तर कितीतरी खाली होता. खाली पडणारा तुकडा कुणीतरी मध्येच तोंडात धरला होता. सैल पडली की ओढायचं, वाट बघायची नाही. ओढलं. वर आला तो चोवीस इंची. दुसऱ्यांदा सोडला, तेराला लागला, तोही तेवढाच. पुढचे आकाराने जरा लहान, पण सगळे तेरा-चौदाच्या आसपास. छोटे वर धुमाकूळ घालत होते आणि मोठे खाली उभे राहून, वरून गटांगळ्या खात येणारे अर्धमेले शॅड आरामात खात होते.

दादा म्हणाले, "आज पांढरा चालतोय." आणि डब्यातून पांढरा ल्यूर काढून बांधला. वर तरंगणारा. त्याला काही लागलं नाही.

तो वाद तेव्हापासून चालू आहे. दादांचं म्हणणं रंग. माझं म्हणणं आधी खोली, मग आकार, मग वेग, आणि रंग सगळ्यात शेवटी. आकाराचं म्हणाल तर संध्याकाळी मासे साफ करताना मी एकाचं पोट चिरून दाखवलं होतं. आत चार शॅड होते, प्रत्येक माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढा. डब्यातले निम्मे ल्यूर वीतभर लांब होते. जानेवारीत मी त्याच स्लॅबचा रंग सुरीने आणि पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढला आणि नुसत्या शिशावर मासे धरले. दादा म्हणाले, शिसंही चमकतंच की. मग मी त्याला काळं नेलपॉलिश लावलं. दोन कोट. त्यावरही लागले, दोन. आता म्हणतात थंडीत काहीही चालतं. चाळीस फूट खाली रंग उरतो कुठे? तिथे उजळ की गडद एवढंच कळत असणार. बाबा एका उन्हाळ्यात इथे आले होते, दुकानातली ल्यूरची भिंत बघून म्हणाले, "रंग कसले बघतंस? मासो खय आसा ता बघ आधी." चाळीस वर्षं गरवलेल्या माणसाचं मत आहे ते.

तर तुम्ही घ्यायचं काय? एक औंसाचे दोन स्लॅब. पाऊण औंसाची तीन-चार जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, आणि त्यावर लावायला लहान मऊ रबरी शॅड, पाकीटभर. पहाटे आणि ढगाळ दिवशी पृष्ठभागावर फेकायला एक पेन्सिल पॉपर, म्हणजे पाण्यावर नाचवायचा लांबट ल्यूर. रंग पांढरा घ्या, पावसानंतर पाणी गढूळ असेल तर पोपटी. झालं. तीस डॉलरपेक्षा थोडे जास्त जातील, पण गळ सरळ होणार नाहीत. दोरी वीस पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, ठेवा.

आणि मोजायला शिका. पहिल्या दिवशी धक्क्यावर जा, जिथे खोली माहीत आहे तिथे स्लॅब सोडा, तळाला टेकेपर्यंत मोजा आणि आकडा लिहून ठेवा. जिगहेडचं वेगळं मोजा, रबर लावल्यावर ते हळू पडतं. बोटीवर खोलीचं यंत्र असेल तर ते मासे किती फुटांवर दाखवतं ते बघून तेवढंच मोजायचं आणि थांबायचं. पाणी उकळताना दिसलं तर बोट कळपात घालू नका. वाऱ्याच्या वरच्या बाजूला इंजिन बंद करा आणि वाहत जा.

दादांच्या बाजूनेही एक सांगते. अगदी वरच्या पाण्यात, उजाडताना, रंगाने थोडा फरक पडतो. खालून बघणाऱ्या माशाला आकाशावर गडद आकृती ठळक दिसते, म्हणून माझा पॉपर काळा आहे. आणि इथले बरेच गाइड ल्यूर न वापरता जिवंत शॅडच वापरतात, त्यांना भरपूर मासे मिळतात. तुम्ही ल्यूरचं विचारलंत म्हणून त्यात शिरले नाही.

हे सगळं थंडीतलं आणि बोटीवरचं. काठावरून मला फार अनुभव नाही. लायसन्स टेक्सोमाचं वेगळं मिळतं ते घ्या, तलावाच्या टेक्सस आणि ओक्लाहोमा दोन्ही बाजूंना चालतं. दिवसाला माणशी दहा मासे, त्यात वीस इंच किंवा मोठे दोनच. जाण्याआधी नियम एकदा बघून घ्या, बदलू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर धरून सोडायचा खेळ करू नका. गरम पाण्यात खोलातून वर ओढलेला मासा सोडला तरी बरेचदा मरतो, पांढरं पोट वर करून तरंगताना मी पाहिलाय. खाण्यापुरते धरा आणि गळ गुंडाळा.