आडवा पडलेला क्लाउन लोच

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला आपला क्लाउन लोच हा शोभेचा मासा टाकीच्या तळाशी आडवा पडून राहतो, एवढ्यावरून तो मरणपंथाला लागला असे समजू नये. ही जात धडधाकट असतानाही कुशीवर पडून विसावा घेते, आणि दुकानदार हे क्वचितच सांगतात. आपण कल्ल्यांकडे पाहावे. ते संथ हलत असतील आणि दिवा मालवल्यावर मासा मिशांनी वाळू चाचपत खाद्य हुडकत असेल, तर त्याला निवांत पडू द्यावे. मात्र श्वास जलद असेल किंवा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असेल, तर पाण्यात साचणारा विषारी अमोनिया तपासून पाव हिस्सा पाणी बदलावे. महापालिकेच्या नळाचे पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय ओतू नये. अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसल्यास तो वेगळा आजार आहे, आणि लोच औषधांना फार हळवा असतो.