भिशीतल्या सात जणींना ‘जोडलं’, आता त्या पैसे मागताहेत

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय ५४. गेल्या नवरात्रात ओळखीच्या एका बाईंनी मला हॉटेलातल्या मीटिंगला नेलं. दुकान नको, भाडं नको, घरबसल्या विक्री, असं तिथे सांगितलं. १,५०० रुपये नोंदणी आणि ८,५०० रुपयांचं किट (कोरफडीचा रस, तांब्याच्या बाटल्या, साबण) असे १०,००० भरले. आपण तीन जणी जोडायच्या, त्या प्रत्येकी तीन जोडतील, अशी योजना होती. मी भिशीतल्या सात जणींना जोडलं. पाच जणींनी पैसे कंपनीच्या खात्यात भरले, दोघींनी मला रोख दिले आणि मी ते यूपीआयने पुढे पाठवले. मला ९,८०० रुपये कमिशन मिळालं. आता ॲपमध्ये शिल्लक दिसते पण निघत नाही, कंपनीचा फोन बंद आहे. रोख देणाऱ्या दोघींचे यजमान म्हणतात, पैसे तुम्हीच घेतलेत, पोलिसात जाऊ. मी खिशातून ७०,००० भरून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, आधी एक करा. भिशीच्या ग्रुपवर ‘सगळ्यांचे पैसे मी देईन’ असं काही लिहू नका. लिहून झालं असेल तर पुसू नका. घाबरून लिहिलेलं आणि घाबरून पुसलेलं, दोन्ही पुढे अंगावर येतं.

आता मुद्दा. तुम्ही वस्तू विकत होतात की माणसं जोडत होतात? तुमच्या पत्रात किटमधल्या वस्तूंचा उल्लेख एकदाच, तोही कंसात आलाय. रसाच्या किती बाटल्या खपल्या, कोणी परत मागवल्या, याबद्दल अक्षरही नाही. उलट कोण कोणाच्या खाली, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. न्यायाधीशही पहिल्यांदा हेच बघतील.

दारोदार किंवा ओळखीपाळखीत माल विकणं कायदेशीर आहे. त्यासाठी २०२१ च्या डिसेंबरमध्ये ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आले. त्यांनुसार कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायला हवा, ओळखपत्र द्यायला हवं, भारतात नोंदणीकृत कार्यालय ठेवायला हवं आणि तक्रार निवारण अधिकारी नेमायला हवा. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. आणि सामील होण्यासाठी प्रवेश फी घ्यायची नाही. तुमच्याकडून घेतलेले १,५०० इथेच अडकतात. तुमच्याकडे करार नाही, ॲपमध्ये एक टिक केलेली आहे, एवढंच. ‘दहा दिवसांत पैसे परत’ असा सगळ्या खरेदीला लागू होणारा कायदा आपल्याकडे आहे, असं बरेच जण धरून चालतात. तसा नाही. या नियमांत माघारीच्या मुदतीची व्याख्या आहे, पण दिवसांचा आकडा नाही; तो करारातून यायचा, आणि करारच नाही.

ज्या साखळीत नवीन माणूस आणल्याबद्दल वरच्याला लाभ मिळतो आणि थरावर थर चढत जातात, तिला हे नियम पिरॅमिड योजना म्हणतात आणि थेट विक्रीच्या नावाखाली ती चालवायला साफ मनाई करतात. हिशोब करून बघा. तिनाच्या साखळीत तेराव्या पायरीला १५,९४,३२३ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत बडोदा शहराची लोकसंख्या सोळा-सतरा लाख होती. म्हणजे तेराव्या थरात तान्ह्या बाळांसकट जवळजवळ सगळं बडोदं कोरफडीचा रस विकत बसलेलं असेल. प्यायचा कोणी?

आता कडू भाग, तो लपवून तुमचं भलं होणार नाही. १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बंदी) कायदा आहे. सभासद जोडण्यावर अवलंबून असलेला झटपट पैसा, अशी त्यात अशा योजनेची ओळख आहे. ती चालवणाऱ्यांबरोबरच तिच्यात लोकांना सामील करून घेणाऱ्यालाही बंदी आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तेव्हा ‘मला काही माहीत नव्हतं, माझा संबंध नाही’ हा पवित्रा घेऊ नका. सात जणी तुम्ही जोडल्यात आणि कमिशन तुमच्या खात्यात आलंय.

फसवणूक मात्र वेगळी गोष्ट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा व्हायला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू लागतो. तुम्ही स्वतः १०,००० घालून बसलात, कमिशन धरूनही २०० रुपये तोट्यात आहात. लबाड माणूस असा हिशोब ठेवत नाही. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज नसेल तर पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली. नोटीस आली तर टाळू नका, वकिलाला घेऊन जा.

त्या दोघींचे यजमान धमकी खरी करेपर्यंत थांबू नका. तक्रारदार म्हणून तुम्हीच आधी पोलिसांकडे जा. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावरही नोंद करा. इतक्या महिन्यांनी पैसे गोठवले जाण्याची शक्यता कमीच, पण नोंदीची तारीख राहते. पहिला जाणारा निर्दोष ठरतो असं नाही, पण जो बोलावल्यावरच जातो त्याचं बोलणं सबबीसारखं ऐकू येतं, हे मी तीस वर्षं बघतोय.

७०,००० चं काय? माझं मत सांगतो, सगळे वकील सहमत होतील असं नाही. पाच जणींनी थेट कंपनीत भरलेले पैसे तुम्ही भरून द्यायचे, असं मला कायद्यात दिसत नाही. दोघींचे रोख २०,००० तुम्ही पूर्ण पुढे पाठवलेत ना? बँकेचं विवरणपत्र काढा. घेतलेली तारीख आणि पाठवलेली तारीख जवळजवळ असतील तर ते विवरणपत्र तुमची ढाल आहे. त्यातले हजार-पाचशे जरी तुमच्याकडे राहिले असतील तर आजच परत करा, तिथे मी तुमच्या बाजूने बोलू शकणार नाही.

९,८०० मात्र ठेवू नका. ते त्यांच्याच पैशांतून आलेत. सात जणींत प्रत्येकी १,४००, बँकेतून, शेऱ्यात ‘मिळालेलं कमिशन परत’ एवढंच लिहून. ‘हा कबुलीजबाब होत नाही का’ असं तुमचे यजमान विचारतील. कमिशन आलं हे विवरणपत्रात आधीच छापलेलं आहे, परतफेडीने नवं काही उघड होत नाही. उरलेल्यासाठी सर्वांनी मिळून कंपनीच्या मागे लागायचं, असं त्यांना समोर बसवून सांगा. फोनवर नको, ग्रुपवर तर अजिबात नको. आणि कोणी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘मी ७०,००० देणं लागते’ असं लिहून मागितलं, तर चहा द्या, सही देऊ नका.

कंपनीविरुद्ध ग्राहक आयोग आहे. तुम्ही आठ जणी मिळून ८०,०००. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या बडोद्यातच तक्रार होते, ई-जागृती पोर्टलवरूनही. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असल्यामुळे आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार चालते. विक्रेत्याने केलेल्या विक्रीबद्दलच्या आणि देऊ केलेल्या धंद्याच्या संधीबद्दलच्या तक्रारींना कंपनी जबाबदार, असं नियमच सांगतात. ‘या बायकांनी माल पुन्हा विकायला घेतला, मग त्या ग्राहक कसल्या’ हा त्यांचा पहिला आक्षेप असेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्यात सवलत आहे, त्यावर भांडावं लागेल. ज्यांनी माल घरात वापरला त्यांची बाजू इथे जास्त भक्कम.

पण आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे नाव आहे का पाहा, आणि बिल असेल तर त्यावरचा जीएसटी क्रमांक तपासा. नोंदणी असेल तर संचालक सापडतात. नसेल तर आयोगाचा आदेश फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता, मग सगळा जोर पोलीस तक्रारीवर ठेवायचा.

उरलेल्या बाटल्या विकून नुकसान भरून काढायचा मोह होईल. विकू नका, तो पुरावा आहे. ‘या रसाने मधुमेह जातो’ असे मेसेज तुम्ही पुढे पाठवले असतील तर तेही आजपासून बंद. तसल्या जाहिरातींना १९५४ पासून कायद्याने बंदी आहे आणि तुमच्यावर तेवढीच भर नको. फोन बदलू नका, जुन्या फोनमधले मेसेज पुरावा म्हणून दाखल करताना ते त्याच फोनमधले असल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्रुप मराठीत आहे, तेव्हा महत्त्वाच्या मेसेजचं गुजराती भाषांतर करून ठेवा.

राहिल्या तुम्हाला हॉटेलात नेणाऱ्या बाई. त्यांचं नाव पत्रात तुम्ही मुद्दाम गाळलंय, लक्षात आलं माझ्या. तक्रारीत ते घालावं लागेल, त्यांना किती कमिशन मिळालं तेही. संकोच वाटत असेल, तर सात जणींपैकी ज्या पाच जणी अजून गप्प आहेत त्या का गप्प आहेत, याचा विचार करा, आणि त्यांनाच बरोबर घेऊन जा.