तारीख, रक्कम आणि नॅरेशनचा हॅश की म्हणून चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन बँकांची स्टेटमेंट्स रोज आत घ्यायची आहेत. तीच फाइल दोनदा आली तर नोंदी दुप्पट व्हायला नकोत, म्हणून तारीख, रक्कम आणि नॅरेशन (स्टेटमेंटमधला व्यवहाराचा तपशील) यांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा कोड, प्रायमरी की म्हणजे नोंदीची एकमेव ओळख करायचा. चालेल का?

चालेल, दुसरा चहा होईपर्यंत. सकाळी टपरीवर १० रुपये, दुपारी त्याच टपरीवर पुन्हा १०. बँकेने नॅरेशनमध्ये फक्त टपरीवाल्याचा यूपीआय आयडी छापला असेल, तर तुमच्या डेटाबेसच्या लेखी दुसरा चहा झालाच नाही. उलटंही होतं. सीएसव्हीत नॅरेशन पूर्ण, पीडीएफमध्ये मध्येच कापलेलं, की एकच व्यवहार दोनदा घुसतो. काही जण यावर उपाय म्हणून हॅशमध्ये शिल्लकही घालतात. मागच्या तारखेची एक एन्ट्री पडली की पुढच्या सगळ्या शिलका बदलतात, मग बसा निस्तरत.

बँकेचा संदर्भ क्रमांक असेल तर तोच घ्या, पण त्याचा स्वभाव ओळखून. एनईएफटीचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२. यूपीआयचा संदर्भ क्रमांक, म्हणजे आरआरएन, १२ आकडी. त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. म्हणजे दहा वर्षांनी तोच क्रमांक पुन्हा येऊ शकतो. शिवाय कापलेले पैसे परत आले तर ती जमा बऱ्याचदा त्याच आरआरएनवर दिसते. म्हणून खातं, तारीख, संदर्भ आणि नावे की जमा, एवढं मिळून की करा. व्याज, चार्जेस, रोख भरणा यांना बहुधा संदर्भच नसतो. तिथे त्या दिवसातली तशीच कितवी नोंद, हा अनुक्रम जोडा.

हे सगळे क्रमांक टेक्स्ट म्हणून साठवा. २०२० सालचे आरआरएन शून्याने सुरू होत आणि एक्सेलने ती शून्यं बिनबोभाट खाल्ली. एक्सेल १५ आकड्यांपुढचं काही खरं धरत नाही, हेही लक्षात असू द्या. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) मात्र कीमध्ये नको: १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे कोड बदलले. खातेदार तोच, खातं तेच.

आता दुरुस्त्या, म्हणजे बँकेने आधी पाठवलेली नोंद नंतर बदलली तर. १९९७ च्या ओएफएक्स मानकात (बँकेचे व्यवहार सॉफ्टवेअरला देण्याची ठरलेली फाइल-रचना) याची सोय आहे. प्रत्येक व्यवहाराला एफआयटीआयडी, म्हणजे बँकेने दिलेला आयडी, आणि तो एकमेव असण्याची हमी त्या संस्थेतल्या त्या खात्यापुरतीच. दुरुस्त नोंद नवा आयडी घेऊन येते, जुन्या आयडीकडे बोट दाखवते आणि सांगते: बदला किंवा काढा. आपल्या कीर्दीत खाडाखोड चालत नाही, तसंच हे. वरची की नोंद ओळखायला; त्याशिवाय तुम्हीही प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा यूयूआयडी (सॉफ्टवेअरने बनवलेला, पुन्हा न येणारा आयडी) द्या, त्याखाली आवृत्ती १, २, ३ अशा ओळी वाढवत जा, जुनी ओळ अपडेट करू नका. व्यवहाराची तारीख वेगळी, आपल्याला कळल्याची वेळ वेगळी. ३१ मार्चला तुम्ही काय दाखवलं होतं, असं ऑडिटरने विचारलं की ही दुसरी वेळच कामाला येते.

यात मी एकदा सपाटून मार खाल्लाय. एका बँकेची दुरुस्त फाइल आधी आली आणि अडकून पडलेली जुनी फाइल रात्री पोहोचली. मी पोहोचण्याच्या वेळेवरून नवी-जुनी ठरवत होतो. सकाळी दुरुस्ती गायब. तेव्हा क्रम पाठवणाऱ्याच्या फाइल क्रमांकावरून ठरवायचा. तो नसेल तर मजकूर बदललेली नोंद बाजूला ठेवून माणसाला दाखवायची.

तुमचा हॅश लागतो तो इथे: मजकूर बदलला का, एवढंच पाहायला. तोही निवडक रकान्यांचाच काढा. अख्ख्या ओळीचा काढलात आणि बँकेने एक नवा रकाना वाढवला, तर एका रात्रीत सगळ्या नोंदी आवृत्ती २ वर जातील. फाइलच्या रचनेची आवृत्ती आणि नोंदीची आवृत्ती हे दोन वेगळे रकाने ठेवा.

सुरू करण्याआधी आठवड्याभराच्या फाइली दोनदा चालवून बघा, दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने. नव्या नोंदी शून्य यायला हव्यात.