पाऊस लांबला की रात्रभर पुढच्या हंगामाची चिंता डोक्यात फिरते. वर्तमानात राहिल्यानं खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, चिंतेचं कारण तसंच राहतं, पण तेच ते उगाळणं कमी होतं. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडंच होतं, आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. आपल्या मराठवाड्यात, जिथं सगळं पावसावर, तिथं हे जास्तच लागू पडतं असं मला वाटतं. सोयाबीन खुरपताना हाताला लागणारी माती, खुरप्याचा आवाज याकडं लक्ष ठेवा. मन कर्जाच्या हप्त्याकडं गेलं तर स्वतःवर चिडू नका, परत आणा. हे परत आणणं हाच सराव. दुबार पेरणी, पीकविमा, कर्ज यांचा हिशेब मात्र टाळायचा नाही, तो संध्याकाळी ठरावीक वेळी वहीत मांडा. पण दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर एवढ्यावर भागत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येतं. आजच फोन करा.